चामड्याचं होल्स्टर मऊ पडलं की धोक्याचं का होतं, आणि ते पुन्हा कडक कसं करतात?

१ ऑक्टोबर २०२४. पहाटेची वेळ. अभिनेता गोविंदा जुहूच्या घरातून बाहेर पडायच्या तयारीत होता. स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि थेट पायात शिरली. दिवसभर टीव्हीवर दुसरी बातमी नव्हती.

त्या घटनेत होल्स्टरचा काही संबंध नव्हता. पण एक गोष्ट त्या दिवशी सगळ्यांना कळली. भरलेलं हत्यार हाताळताना चूक व्हायला एक सेकंद पुरतो, आणि त्यासाठी कुणी मुद्दाम ट्रिगर ओढावा लागत नाही.

हत्यार कमरेला लावणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्या एका सेकंदात मध्ये उभी असणारी वस्तू म्हणजे होल्स्टर. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पिस्तूल साफ होतं, गोळ्या मोजल्या जातात, परवान्याची तारीख पाहिली जाते. होल्स्टर मात्र वर्षानुवर्षं तेच. फार तर कधीतरी त्याच्यावर तेलाचा हात फिरतो.

आणि गंमत म्हणजे त्याची वाट बहुतेक वेळा या तेलानेच लागते.

वर्तकनगरचा पावसाळा आणि खोबरेल तेलाचा डबा

ठाण्यातलं वर्तकनगर डोळ्यासमोर आणा. पोखरण रोड, म्हाडाच्या जुन्या इमारती, साईबाबांचं मंदिर, पोलिसांची वसाहत. एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसरीकडे शहराला लागून खाडी. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल आणि कपाटात कोंदट वास.

या चार महिन्यांत चामड्याच्या कुठल्याही वस्तूचं काय होतं हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. लोखंडी कपाटात टांगलेला पट्टा, खालच्या कप्प्यातले बूट, लग्नातलं पाकीट, सगळ्यावर पांढरी बुरशी. मग घरातलं कुणीतरी ती फडक्याने पुसतं आणि वर खोबरेल तेल लावतं. "चामडं आहे, तेल प्यायलं की टिकतं," असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं असतं.

बुटाच्या वरच्या भागासाठी हे काही अंशी खरं आहे. तो पायाबरोबर वाकला पाहिजे. पण कमरेच्या होल्स्टरचं काम वाकण्याचं नाही, आकार धरून ठेवण्याचं आहे. दर पावसाळ्यात तेल पाजलेलं होल्स्टर चार-पाच वर्षांनी जुन्या पिशवीसारखं लुळं पडतं.

आज अनेक ठिकाणी नायलॉनची आणि कडक प्लास्टिकची होल्स्टर आली आहेत. तरी चामडं गेलेलं नाही. निवृत्त अधिकाऱ्यांकडे आहे, परवानाधारक सराफ आणि व्यावसायिकांकडे आहे, खासगी सुरक्षारक्षकांकडे आहे. आणि पोलीस अधिकाऱ्यांच्या समारंभाच्या गणवेशात छातीवरून तिरका जाणारा क्रॉस बेल्ट तर सगळ्यांनी पाहिलेला आहे.

त्या पट्ट्याची गोष्टही इथलीच आहे. त्याचं नाव सॅम ब्राऊन बेल्ट. सॅम्युएल ब्राऊन हा बराकपूरला जन्मलेला ब्रिटिश घोडदळ अधिकारी. ३१ ऑगस्ट १८५८ ला उत्तर भारतातल्या सीरपोरा इथल्या लढाईत त्याचा डावा हात तुटला. तलवार उपसताना म्यान डाव्या हाताने धरावी लागते, आणि त्याच्याकडे तो हातच उरला नव्हता. म्हणून त्याने कमरेचा जाड पट्टा आणि त्याचं वजन पेलणारा खांद्यावरचा तिरका पट्टा वापरायला सुरुवात केली. म्यान आणि पिस्तूल दोन्ही जागच्या जागी राहू लागले, एका हाताने काम होऊ लागलं.

हत्यार धरणारं चामडं स्वतः घट्ट असलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्या हाताची गरज पडत नाही. होल्स्टरचा सगळा हिशेब इथेच आहे.

मऊ होल्स्टरमध्ये नेमकं काय चुकतं?

होल्स्टरचं तोंड रिकामं असतानाही उघडं राहिलं पाहिजे. ते मिटलं की तीन गोष्टी होतात.

पहिली आणि सगळ्यात वाईट. पिस्तूल परत आत सरकवताना तोंडाची मऊ कड आत दुमडते. ही दुमडलेली कड ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीत शिरू शकते. माणूस पिस्तूल खाली दाबत राहतो, चामडं ट्रिगरला अडतं, आणि बोट न लावताही ट्रिगर मागे ओढला जातो. नळीचं तोंड तेव्हा मांडीकडे किंवा पावलाकडे असतं. ज्या पिस्तुलांना बाहेरून वेगळा सेफ्टीचा खटका नसतो आणि ट्रिगर हलका असतो, त्यांच्यात हा धोका जास्त. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड असतो म्हणून तिथे कमी. पण शून्य कुठेच नाही.

दुसरी गोष्ट. तोंड मिटलेलं असलं की माणूस नकळत डाव्या हाताची बोटं घालून ते उघडतो आणि उजव्या हाताने पिस्तूल आत घालतो. म्हणजे तो स्वतःचाच हात नळीसमोर आणतो, तोही रोज.

तिसरी गोष्ट पकडीची. कडक होल्स्टर हत्याराच्या आकारावर बसलेलं असतं, म्हणून ते हत्यार धरून ठेवतं. सैल झालं की दुचाकीवरून उतरताना किंवा लोकलच्या गर्दीत वाकताना पिस्तूल वर सरकतं.

यात कायद्याचाही भाग आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच बनवलेल्या पिशवीत, झाकलेलं आणि स्वतःच्या पूर्ण ताब्यात असावं अशी अपेक्षा आहे. लुळ्या होल्स्टरमधून घसरणारं हत्यार ताब्यात आहे असं कुणी म्हणणार नाही.

एकच कातडं, कधी मऊ तर कधी कडक

आता मूळ प्रश्न. चामडं मऊ का पडतं?

आपल्याकडे याचं उत्तर गावागावात होतं. विहिरीवरची मोट चामड्याची असायची. पाणी वाहून नेणाऱ्याची पखालही चामड्याची. या दोन्ही वस्तू मऊ हव्यात, म्हणून त्यांना तेल-चरबी चोळली जायची. दुसरीकडे जुन्या काळातल्या ढाली. त्याही म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कातड्याच्या, पण लाकडासारख्या टणक. जनावराच्या कातड्यापासूनच एक वस्तू पिशवी झाली आणि दुसरी ढाल. फरक कातडं कुठलं यापेक्षा त्यावर काय केलं यात जास्त होता.

कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं. ओलं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं. ते कुजू नये म्हणून त्यावर जी प्रक्रिया करतात तिला मराठीत नेमका शब्द आहे, कातडी कमावणे. बाभळीची साल आणि सह्याद्रीत मिळणारा हिरडा यांच्यात टॅनिन भरपूर असतं. हे टॅनिन धाग्यांमध्ये जाऊन बसतं, धाग्यांना भरीवपणा देतं आणि कुजणं थांबतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच पद्धतीने तयार होत आलं आहे. कातड्याची पिशवी शिवायची, तिच्यात साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून झिरपत जातं आणि कातडं कमावलं जातं.

असं झाडपाल्यावर कमावलेलं चामडं ओलं केलं की मऊ होतं, हवा तो आकार घेतं, आणि सुकलं की तोच आकार धरून कडक बसतं. कारण साधं आहे. पाणी आत गेलं की धाग्यांमधले बंध सैल होतात आणि धागे एकमेकांवरून सरकतात. पाणी उडालं की ते जिथे असतील तिथे पुन्हा घट्ट जोडले जातात. होल्स्टर मुळात असंच बनतं. चांगलं होल्स्टर ३ ते ४ मिलिमीटर जाडीच्या चामड्याचं असतं, आणि ते ओलं असताना हत्याराच्या आकारावर दाबून बसवलेलं असतं.

आता तेल काय करतं बघा. तेल धाग्यांच्या मध्ये जाऊन बसतं आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. दाराच्या बिजागरीला तेल घातल्यावर जे होतं तेच इथे होतं. धागे घसरू लागतात, चामडं लवचीक होतं. पण पाणी उडून जातं, तेल उडत नाही. म्हणून पावसात भिजून मऊ झालेलं होल्स्टर सावरता येतं, तेल पाजून मऊ झालेलं सावरणं अवघड जातं.

घाम, रोजचं वाकणं, गाडीच्या सीटवर दाबलं जाणं आणि दमट हवा यांचाही वाटा असतो. पण मुख्य आरोपी तेलच.

आधी हे तपासा : चामडं कुठलं आहे?

बाजारातलं बहुतेक चामडं आज झाडपाल्यावर नाही, क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं असतं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि जगभर पसरली, कारण जे काम बाभळीच्या सालीत कित्येक आठवडे चालायचं ते यात काही दिवसांत उरकतं. जॅकेट, पर्स, सोफा, बुटाचे वरचे भाग यांत हेच क्रोम चामडं असतं. ते मुळातच मऊ असतं, आणि पाण्यात भिजवून आकार दिला तरी तो नीट धरत नाही.

ओळखायचं कसं? होल्स्टरची कापलेली कड नीट पाहा. आत सगळीकडे तपकिरी रंग दिसला तर चामडं झाडपाल्यावर कमावलेलं असण्याची शक्यता जास्त. मधोमध निळसर-राखाडी पट्टी दिसली तर ते क्रोम. दुसरी खूण, आतल्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाका. झाडपाल्याचं चामडं तो लवकर शोषतं आणि तिथे गडद डाग दिसतो. अर्थात तेलकट चामड्यात हा थेंब फसवतो, म्हणून कड पाहणं जास्त भरवशाचं.

क्रोमचं होल्स्टर मऊ पडलं असेल तर त्याच्यावर मेहनत घेऊ नका. ते पुन्हा कडक होणार नाही. पुढचं सगळं झाडपाल्याच्या चामड्यासाठी आहे.

हत्यार घरीच, होल्स्टर एकटं बाहेर

हा भाग वगळू नका.

होल्स्टर म्हणजे हत्यार नव्हे, ते कुठल्याही चर्मकाराकडे दुरुस्तीला देता येतं. पण "माप घ्यायला लागेल" म्हणून पिस्तूल त्याच्या ताब्यात देणं किंवा तिथे ठेवून येणं हे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या विरोधात जातं. परवाना तुमच्या नावाचा असतो, दुकानदाराच्या नाही. हत्याराची दुरुस्तीही फक्त परवानाधारक शस्त्र विक्रेता किंवा कारागीरच करू शकतो. आणि होल्स्टर सरकारी असेल तर घरी प्रयोग करायचेच नाहीत. ते ज्या शाखेकडून मिळालं तिथे जमा करून बदलून घ्यायचं.

घरी काम करायचं असेल तर मॅगझीन काढलेलं, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलूपबंद. आणि आकार देण्यासाठी खरं हत्यार वापरायचंच नाही. सुताराकडून त्याच मापाचा लाकडी ठोकळा करून घ्यायचा, किंवा प्रशिक्षणासाठी मिळते तशी एका रंगाची भरीव प्लास्टिकची डमी घ्यायची. लाकडी ठोकळ्याचा फायदा असा की ट्रिगर गार्डची जागा भरीव राहते, चामडं आत घुसत नाही.

खरं हत्यार न वापरण्याचं आणखी एक कारण आहे. ओलं, झाडपाल्याचं चामडं आम्लधर्मी असतं आणि लोखंडाला गंज चढवतं. शिवाय टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांच्यापासून पूर्वी शाई बनवायचे ती याच कारणामुळे. म्हणजे चामड्यावर काळे डाग आणि हत्यारावर गंज, दोन्हीकडून नुकसान.

कडक करण्याची रीत, पायरी पायरीने

वेळ निवडण्यापासून सुरुवात. ठाण्यात हे काम जुलैमध्ये करू नका. हवेतच इतकं पाणी असतं की चामडं सुकायलाच तयार नसतं, आणि सुकेपर्यंत बुरशी धरते. ऑक्टोबर हीट किंवा त्यानंतरची कोरडी हवा उत्तम.

पहिली पायरी, सफाई. बुरशी असेल तर ती घराबाहेर, सुक्या कापडाने पुसायची. घरात झटकली तर तिचे कण दुसऱ्या वस्तूंवर बसतात. मग चामड्यासाठी मिळणाऱ्या साबणाने, म्हणजे सॅडल सोपने, ओलसर कापड फिरवून मेण-पॉलिशचा जुना थर काढायचा.

दुसरी पायरी, तेल काढणं. हे सगळ्यात संथ काम. होल्स्टरच्या आतून-बाहेरून मुलतानी माती, खडूची भुकटी किंवा कॉर्नफ्लोअर यांचा जाड थर द्यायचा आणि दिवसभर ठेवायचं. पूड तेल ओढते आणि तिचा रंग बदलतो. ती झटकायची आणि पुन्हा नवा थर. पूड कोरडी आणि पांढरी राहू लागेपर्यंत हे करायचं, त्याला चार-पाच दिवसही लागू शकतात. पेट्रोल किंवा थिनरमध्ये बुडवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आगीचा धोका तर आहेच, शिवाय आतला चिकट विरघळतो, रंग उतरतो आणि चामडं तडकतं. आणि एक गोष्ट खरी आहे, खोल मुरलेलं सगळं तेल पुडीने निघत नाही. जेवढं निघेल तेवढाच कडकपणा परत येईल.

तिसरी पायरी, ओलं करणं. पाणी कोमट हवं, साधारण ३५ ते ४० अंश. हात घातला तर सुखद वाटेल इतकंच. होल्स्टर १०-२० सेकंद बुडवायचं, बाहेर काढायचं आणि लगेच दाबायला घ्यायचं नाही. थांबायचं. ओलं झाल्यावर गडद झालेला रंग जरासा उजळू लागला, पण हाताला चामडं अजून गार लागतंय, ही आकार द्यायची वेळ. चिंब ओलं असताना दाबलं तर आकार राहत नाही.

चौथी पायरी, आकार. डमी आत घालायची आणि अंगठ्यांनी चामडं तिच्यावर दाबत जायचं. सगळ्यात जास्त लक्ष दोन जागांवर द्यायचं, तोंडाची कड आणि ट्रिगर गार्डची बाह्यरेषा. टोकदार वस्तू नको, तिचे ओरखडे कायमचे राहतात. चमच्याच्या दांड्याची गोल पाठ किंवा गुळगुळीत लाकडी पट्टी पुरते. आकार बसला की डमी अलगद काढायची, म्हणजे आतही हवा लागेल, आणि तोंड मिटू नये म्हणून तिथे मापाचा लाकडी तुकडा अडकवायचा.

पाचवी पायरी, सुकवणं. इथेच बहुतेक जण घाई करतात. गॅसच्या शेगडीवर धरणं, हेअर ड्रायर जवळून मारणं, गच्चीत कडक उन्हात ठेवणं, तिन्ही नको. पंख्याखाली, सावलीत, दोन ते तीन दिवस. मंद उष्णता चालते, किंबहुना तिने कडकपणा वाढतो, पण ४५ ते ५० अंशांपर्यंतच.

उष्णतेचं हे गणित हलगी वाजवणाऱ्याला पुस्तकाशिवाय कळतं. पावसाळी हवेत हलगी उतरते, आवाज बसतो. मग तो कागद किंवा पाचट पेटवून हलगी त्या धगीवर शेकतो. कातड्यातला ओलावा उडतो, कातडं ताणलं जातं आणि हलगी कडाडते. पण तो ती ज्वाळेत धरत नाही, फिरवत राहतो. कारण जास्त शेकली तर फाटते. हलगीचं कातडं कच्चं असतं, होल्स्टरचं कमावलेलं, तरी नियम तोच. झाडपाल्याचं ओलं चामडं साधारण ७० अंशांच्या पुढे गेलं की धागे आकसतात, चामडं सुरकुततं आणि बिस्किटासारखं ठिसूळ होतं. तिथून ते परत येत नाही.

मध्ययुगीन युरोपात चामड्याचं चिलखत बनवताना ही उष्णता मुद्दाम वापरायचे. चामडं पाण्यात भिजवून तापवायचं, की ते लाकडासारखं टणक होतं. पण चिलखताला वाकावं लागत नाही. होल्स्टर पट्ट्यावर रोज थोडं वाकतं, म्हणून तितकं तापवलेलं चामडं शिलाईपाशी तडकतं.

सहावी पायरी, मेण. होल्स्टर पूर्ण सुकल्यावर बाहेरून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात द्यायचा. हे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून ठाण्याच्या मे महिन्यातही ते घट्ट राहतं. मेण पाणी अडवतं आणि वर कडक थर धरतं. तेल मात्र नेहमीच्या तापमानाला पातळच असतं. दोन्ही स्निग्धच, पण एक चामड्याला मऊ करतं आणि दुसरं सावरतं, त्यातली मेख ही आहे. आतल्या बाजूला मेणाचा जाड थर देऊ नका, त्याचे कण हत्यारात जातात.

काम झालं का, हे कसं ठरवायचं?

चाचण्या सगळ्या डमीवर करायच्या, खऱ्या हत्यारावर नाही.

होल्स्टर पट्ट्यावर लावा आणि पट्टा कमरेला बांधा. रिकामं असताना तोंड उघडं राहतं का? खाली बसून उठल्यावरही? आता एकाच हाताने, न बघता डमी आत घाला. ती कुठेही न अडता शेवटपर्यंत गेली पाहिजे. ट्रिगरच्या जागेवर बाहेरून अंगठ्याने जोरात दाबा. चामडं आत वाकलं तर नापास. शेवटी डमी आत ठेवून होल्स्टर उलटं करा आणि हलकेच हलवा. डमी पडली तर पकड पुरेशी नाही.

हे सगळं पंधरा दिवसांनी पुन्हा करा. तेल पूर्ण निघालेलं नसेल तर सुरुवातीला आलेला कडकपणा रोजच्या वापरात पुन्हा उतरतो. पहिल्या दिवशी पास झालेलं होल्स्टर महिन्याने नापास होऊ शकतं.

फक्त तोंडाची कड लुळी असेल आणि बाकी चामडं धड असेल तर एक मधला मार्ग आहे. कुशल चर्मकार तोंडाभोवती कडक चामड्याची दुसरी पट्टी शिवून देतो. अनेक चांगल्या होल्स्टरना कारखान्यातूनच अशी पट्टी असते, कधी दोन थरांच्या मध्ये पातळ धातूही असतो. रापी, आरी आणि मेणाचा दोरा हातात असलेल्या माणसासाठी हे नेहमीचं काम आहे.

शिलाई उसवली असेल, वाकवल्यावर चामड्यावर बारीक भेगा दिसत असतील, किंवा दोनदा प्रयत्न करूनही ट्रिगरची जागा दबत असेल तर होल्स्टर निवृत्त करा. आणि भंगारात टाकताना ते कापून टाका, नाहीतर दुसरं कुणीतरी ते उचलून वापरेल.

पुढच्या पावसाळ्याआधी

कडक झालेलं होल्स्टर तसंच ठेवायचं असेल तर फार काही लागत नाही. भिजलं तर पंख्याखाली सुकवा. वर्षातून एक-दोनदा बाहेरून मेण लावा. पावसाळ्यात ते बंद कपाटात कोंबून ठेवू नका, हवा खेळती असेल तिथे टांगा, आणि आत लाकडी ठोकळा राहू द्या. हत्यार महिनोन्‌महिने होल्स्टरमध्येच ठेवून देऊ नका, चामड्यातली आर्द्रता त्याला गंज चढवते. कमरेचा पट्टाही तपासा. पट्टा लुळा असेल तर उत्तम होल्स्टरही बाहेरच्या बाजूला कलतं.

आणि खोबरेल तेलाचा डबा होल्स्टरपासून लांब ठेवा. बुरशी दिसली तर ती पुसून काढा, वर तेल ओतू नका. चपलेचा अंगठा चावत असेल तर तिथे ते तेल जरूर लावा. कोल्हापुरी घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की तेलाने दोन दिवसांत चप्पल नरम पडते. नव्या चपलेच्या बाबतीत ती सोय आहे, आणि होल्स्टरच्या बाबतीत नेमकी तीच अडचण.